फ्लूचा विषाणू आपल्या आरएनएच्या प्रती कशा काढतो: कागद-पेन्सिल घेऊन टप्प्याटप्प्याने

इन्फ्लुएन्झाचं नाव निघालं की चर्चा होते ती त्याच्या बाहेरच्या काट्यांची, म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रथिनांची. एच१एन१, एच३एन२ ही नावंसुद्धा त्या काट्यांवरूनच पडली आहेत. पण विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःच्या जनुकीय साहित्याच्या प्रती कशा काढतो, हा भाग मला त्याहून कितीतरी अधिक विलक्षण वाटतो. पाठ्यपुस्तकं तो दोन परिच्छेदांत उरकतात आणि तिथेच विद्यार्थ्यांची गाडी अडते. एमआरएनए (प्रथिनं घडवण्यासाठीची संदेश-प्रत) आणि सीआरएनए (नवा जीनोम काढण्यासाठीची पूरक प्रत) दोन्ही धन दिशेचे, म्हणजे प्रथिनाचा मजकूर सरळ असलेले, दोन्ही एकाच साच्यावरून (ज्यावरून प्रत काढायची त्या मूळ धाग्यावरून) निघालेले, दोन्ही एकाच पॉलिमरेजने (आरएनए जोडत नेणाऱ्या विकराने, म्हणजे एन्झाइमने) घडवलेले. मग ते वेगळे कसे?

उत्तर टोकांमध्ये आहे. सुरुवात कशी झाली आणि शेवट कुठे झाला, एवढ्या दोन गोष्टींवर नजर ठेवली की सगळा गुंता सुटतो. म्हणून हा लेख नुसता वाचू नका. एक कोरा कागद, पेन्सिल आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसा. आपण विषाणूचा एकच तुकडा हाताने उतरवणार आहोत.

आधी हातात काय आहे ते बघा

इन्फ्लुएन्झा ए विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचं सगळं जनुकीय साहित्य, सलग नसतो. तो आरएनएच्या आठ सुट्या तुकड्यांत विभागलेला असतो (इन्फ्लुएन्झा बीमध्येही आठ, सीमध्ये सात). सर्वांत लांब तुकडे २३४१ न्यूक्लिओटाइडांचे (आरएनएच्या साखळीतल्या या कड्या ए, यू, जी, सी अशा चार प्रकारच्या; आपण त्यांना अक्षरं म्हणू), सर्वांत छोटा ८९० चा. आठही मिळून लांबी साडेतेरा हजारांच्या आसपास. आपण सर्वांत छोटा, म्हणजे आठवा तुकडा घेऊ. त्याचं नाव एनएस.

हा आरएनए ऋण दिशेचा असतो. म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमला तो थेट वाचता येत नाही. त्याची पूरक प्रत काढली तरच प्रथिनाचा मजकूर मिळतो. पेशीकडे आरएनएवरून असा लांब आरएनए उतरवणारं यंत्र नसतं, त्यामुळे विषाणूला स्वतःचं पॉलिमरेज सोबत आणावं लागतं. प्रत्येक तुकड्याबरोबर एक. हे पॉलिमरेज तीन प्रथिनांचं बनलेलं आहे: पीबी१, पीबी२ आणि पीए. प्रत्यक्ष अक्षराला अक्षर जोडण्याचं काम पीबी१ करतं. बाकीची दोघं काय करतात ते लवकरच दिसेल.

आरएनएही उघडा नसतो. एनपी नावाच्या प्रथिनाच्या रेणूंवर तो गुंडाळलेला असतो, साधारण दर २४ न्यूक्लिओटाइडांमागे एक एनपी. म्हणजे आपल्या एनएस तुकड्यावर ३५ ते ४० एनपी बसले आहेत असं धरा. सगळा तुकडा मधोमध दुमडून स्वतःभोवती पीळ घेतो, दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात आणि तिथे पॉलिमरेज दोघांनाही धरून बसतं. आरएनए, एनपी आणि पॉलिमरेज यांच्या या एकत्र जुडग्याला आरएनपी म्हणतात. पुढे जे काही घडतं ते या जुडग्यात घडतं, सुट्या आरएनएवर नाही. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण प्रतिकृतीच्या, म्हणजे जीनोमची पूर्ण प्रत काढण्याच्या टप्प्यावर तीच निर्णायक ठरते.

कागदावर दोन्ही टोकं मांडा

कागदावर आडवी लांब रेघ ओढा. डावीकडे "३ प्राइम" लिहा, उजवीकडे "५ प्राइम"; ही आरएनए धाग्याच्या दोन टोकांची नावं. नवा आरएनए नेहमी ५ कडून ३ कडे वाढतो, म्हणून साचा ३ कडून ५ कडे वाचला जातो. आपली मांडणी अशी केली की नवी प्रत डावीकडून उजवीकडे लिहिता येते.

डाव्या टोकाला, बाहेरून आत, ही बारा अक्षरं लिहा: यू-सी-जी-यू-यू-यू-यू-सी-जी-यू-सी-सी. आठही तुकड्यांत हीच अक्षरं असतात; फक्त चौथ्या जागी काही तुकड्यांत यू ऐवजी सी सापडतो.

उजव्या टोकाला, पुन्हा बाहेरून आत, ही तेरा लिहा: ए-जी-यू-ए-जी-ए-ए-ए-सी-ए-ए-जी-जी. हीसुद्धा सगळ्या तुकड्यांत समान. एनएस तुकड्यात त्यांच्यापुढे आत जी-यू-जी आणि मग ओळीने सहा यू येतात. त्या सहा यूंखाली रंगीत रेघ मारून ठेवा.

आता जोड्या शोधा. ए समोर यू, जी समोर सी, एवढाच नियम. उजव्या टोकाची ११, १२, १३ वी अक्षरं (ए-जी-जी) डाव्या टोकाच्या १०, ११, १२ व्या अक्षरांशी (यू-सी-सी) जुळतात का पाहा. जुळतात. म्हणूनच दोन टोकं एकत्र राहतात. आता एकट्या उजव्या टोकातच पाहा: दुसरा जी नवव्या सीशी जुळतो, तिसरा यू आठव्या एशी. डाव्या टोकातही २ आणि ९, ३ आणि ८ यांची जोडी लागते. म्हणजे प्रत्येक टोक स्वतःवरच वळून आकडा बनवू शकतं.

५ प्राइम टोकाचा हा आकडा पॉलिमरेजच्या एका खोबणीत घट्ट बसतो. २०१४ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबलच्या संशोधकांनी या संपूर्ण पॉलिमरेजची स्फटिक-रचना प्रसिद्ध केली, तेव्हा तो डोळ्यांनी दिसला. ३ प्राइम टोक मात्र जागा बदलतं. काम सुरू व्हायचं असेल तेव्हा ते सुटं होऊन पीबी१ च्या क्रियाकेंद्रात उतरतं. एक टोक घट्ट धरलेलं, दुसरं हलणारं. कागदावर ५ प्राइम टोकापाशी "धरलेलं" असं लिहून ठेवा. शेपटीच्या वेळी ते कामाला येईल.

केंद्रकात जाण्याचं कारण

विषाणू पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, एका पुटिकेतून आत ओढला जातो, पुटिका आम्लधर्मी होते, एम२ या वाहिनीतून ते आम्ल विषाणूच्या पोटात शिरतं, एम१ प्रथिनाची पकड ढिली होते आणि आठ आरएनपी पेशीद्रवात मोकळे होतात. एनपीवर केंद्रकाचा पत्ता सांगणाऱ्या खुणा असतात. पेशीची इम्पोर्टिन प्रथिनं त्या ओळखून आरएनपींना केंद्रकात नेतात.

बहुतेक आरएनए विषाणू आपलं सगळं काम पेशीद्रवातच आटोपतात. फ्लू तसं करत नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असं आढळलं की ॲक्टिनोमायसिन डी हे औषध दिलं तर फ्लूची वाढ थांबते. हे औषध डीएनएवर बसून त्यावरून आरएनए निघू देत नाही. आता फ्लूकडे डीएनए नाही आणि त्याच्या चक्रात कुठेही डीएनए बनत नाही. मग पेशीच्या डीएनएचं काम थांबल्याने त्याचं का अडावं? या कोड्याचं उत्तर मिळायला पुढे बरीच वर्षं लागली.

प्रतिलेखन: दुसऱ्याची टोपी

प्रतिलेखन म्हणजे साच्यावरून एमआरएनए काढणं. पेशीच्या प्रत्येक एमआरएनएच्या ५ प्राइम टोकाला एक खास रासायनिक गट असतो, त्याला कॅप म्हणजे टोपी म्हणतात. टोपी नसेल तर रायबोसोम त्या आरएनएकडे सहसा फिरकत नाही. अनेक विषाणू टोपी घालण्यासाठी स्वतःची विकरं बाळगतात. फ्लूकडे ती नाहीत. तो पेशीच्या ताज्या आरएनएची टोपी कापून घेतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८१ मध्ये रॉबर्ट क्रूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगांनी दाखवून दिलं.

सुरुवातीला पॉलिमरेज जागा पकडतं. केंद्रकात पेशीचं आरएनए पॉलिमरेज-२ डीएनएवरून एमआरएनए काढत असतं. त्याला एक लांब शेपूट असते, आणि काम नुकतंच सुरू झालेलं असताना त्या शेपटीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या सात अमिनो आम्लांच्या ओळीतल्या पाचव्या जागच्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लागलेलं असतं. फ्लूचं पॉलिमरेज नेमकी हीच खूण ओळखून तिथे चिकटतं. नुकताच वीस-तीस अक्षरांचा झालेला, नुकतीच टोपी चढलेला आरएनए त्याला तिथे आयता सापडतो. ॲक्टिनोमायसिनचं कोडं इथे सुटतं: पेशीने नवे एमआरएनए काढणं बंद केलं की चोरायला टोप्याच उरत नाहीत.

पुढचं काम पीबी२ चं. त्याचा एक भाग टोपीला दोन अमिनो आम्लांच्या वलयांमध्ये दाबून धरतो. मग पीएच्या पुढच्या भागातली कात्री टोपीपासून १० ते १३ न्यूक्लिओटाइडांवर आरएनए कापते. ही कात्री पीएमध्ये आहे हे २००९ मध्ये पक्कं झालं. तोवर अनेकजण ती पीबी१ मध्ये शोधत होते. कापून झाल्यावर पीबी२ चा टोपी धरणारा भाग सुमारे ७० अंशांनी वळतो आणि कापलेलं टोक पीएच्या कात्रीकडून पीबी१ च्या क्रियाकेंद्रात येऊन पडतं. धरणं, कापणं आणि जोडणं अशी तिन्ही कामं एकाच यंत्राच्या तीन भागांत चालतात, आणि एका वळणाने ती एकमेकांशी सांधली जातात.

आता कागदावर या. साच्याच्या डाव्या टोकाच्या बाहेर एका रंगाने टोपी आणि दहा-बारा ठिपके काढा. हा पेशीचा चोरलेला तुकडा. त्याचं शेवटचं अक्षर बहुधा जी असतं. तो जी साच्यातल्या दुसऱ्या अक्षरासमोर, म्हणजे सी समोर ठेवा. आता दुसऱ्या रंगाने पुढे लिहीत जा: सी-ए-ए-ए-ए-जी-सी-ए-जी-जी. साच्याच्या पहिल्या यूसमोर इथे पेशीकडून आलेलं अक्षर आहे, विषाणूच्या मजकुराचं नाही. म्हणजे या प्रतीच्या सुरुवातीला पेशीची उसनी दहा-बारा अक्षरं आहेत आणि विषाणूचं मूळ टोक नाही. पहिली मोठी खूण मिळाली.

प्रत्येक वेळी चोरलेला तुकडा वेगळा असल्यामुळे एकाच जनुकाच्या हजारो एमआरएनएंची डोकी वेगवेगळी निघतात. पेशीतले फ्लूचे एमआरएनए अनुक्रमित करून पाहिले, तर सुरुवातीची दहा-बारा अक्षरं विखुरलेली दिसतात आणि मग एकदम जी-सी-ए-ए-ए-ए-जी-सी-ए-जी-जी अशी ओळ लागते.

शेपूट कशी येते

पेशीच्या एमआरएनएला शेवटी एंची लांब शेपूट लावायला वेगळी यंत्रणा असते. फ्लू तीही वापरत नाही. इथे कागदावर मघाशी रंगवलेल्या सहा यूंकडे बघा.

पॉलिमरेज साचा वाचत उजवीकडे जातं. पण साच्याचं ५ प्राइम टोक त्याच पॉलिमरेजने धरून ठेवलंय. वाचत वाचत ते सहा यूंपर्यंत पोहोचतं, सहा ए लिहितं आणि पुढचा साचा ओढायला जातं तर तो येत नाही, कारण दोर दोन्हीकडून ताणला गेलेला असतो. मग रेकॉर्डवरची सुई एकाच खाचेत अडकावी तसं ते मागे सरकतं आणि पुन्हा तेच यू वाचतं. परत ए, परत मागे. अशी एंची लांब शेपूट तयार होते आणि मग प्रत सुटते.

कागदावर एमआरएनए सहा एंपाशी थांबवा, पुढे भरपूर ए लिहा आणि खाली राहिलेली अक्षरं मोजा. सहा यूंच्या पलीकडे सोळा अक्षरं आहेत. ती या प्रतीत कधीच उतरत नाहीत. म्हणजे एमआरएनए सुरुवातीला उसना आणि शेवटी अपुरा. त्याच्यावरून पुन्हा जीनोम काढणं शक्यच नाही, कारण जीनोमचं ५ प्राइम टोक, पॉलिमरेज धरतं तेच, त्यात नाही.

या पद्धतीचा विषाणूला आणखी एक फायदा होतो. अनेक मानवी वाणांमधलं एनएस१ हे प्रथिन पेशीची शेपूट लावणारी यंत्रणा अडवून धरतं, त्यामुळे पेशीचे स्वतःचे एमआरएनए, त्यात संसर्गाविरुद्धचे संदेशही आले, अर्धवट राहतात. विषाणूची शेपूट वेगळ्या मार्गाने येत असल्याने त्याचं काही बिघडत नाही.

एनएस आणि एम या दोन तुकड्यांच्या काही एमआरएनएंची पेशीच्याच यंत्रणेकडून कापणी-जोडणी होते. एनएसकडून एनएस१ आणि एनईपी, एमकडून एम१ आणि एम२ अशी दोन-दोन प्रथिनं मिळतात. ही यंत्रणाही केंद्रकातच असते.

मधला थांबा: प्रथिनं परत येतात

एमआरएनए पेशीद्रवात जातात, रायबोसोम त्यांवरून प्रथिनं घडवतात आणि त्यातली काही केंद्रकात परतात. पीबी१ आणि पीए जोडीने येतात, पीबी२ वेगळ्या वाटेने, आणि तिघांचं यंत्र केंद्रकात जुळतं. एनपीही येतं.

हा थांबा का महत्त्वाचा, ते एका जुन्या प्रयोगातून कळतं. संसर्गाच्या आधीच सायक्लोहेक्झिमाइड देऊन पेशीची प्रथिननिर्मिती बंद केली, तर विषाणूचे एमआरएनए बनतात, पण सीआरएनए आणि नवा जीनोम दिसत नाही. बरीच वर्षं याचा अर्थ असा लावला गेला की पॉलिमरेज आधी प्रतिलेखनाच्या अवस्थेत असतं आणि नवी प्रथिनं आली की बटण दाबल्यासारखं प्रतिकृतीकडे वळतं. २००४ मध्ये ऑक्सफर्डमधल्या प्रयोगांनी या कल्पनेला धक्का दिला. पेशीत पॉलिमरेज आणि एनपी आधीच तयार करून ठेवली, तर सायक्लोहेक्झिमाइड असूनही सीआरएनए सापडतो. म्हणजे आत आलेलं पॉलिमरेज सीआरएनए काढू शकतं. पण त्याला गुंडाळून घेणारं कोणी नसेल तर पेशीची विकरं तो उघडा धागा खाऊन टाकतात. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं. ते साधं आहे, आणि पुढे कळलेल्या रचनांशीही जुळतं.

प्रतिकृतीचा पहिला भाग: सीआरएनए

कागदावर साच्याखाली नवी ओळ सुरू करा. या वेळी टोपी नाही, उसना तुकडा नाही. पॉलिमरेज साच्याच्या पहिल्या दोन अक्षरांसमोर, यू आणि सी समोर, ए आणि जी जोडून स्वतःच सुरुवात करतं. लिहा: ए-जी-सी-ए-ए-ए-ए-जी-सी-ए-जी-जी. पुढे थेट उजव्या टोकापर्यंत. सहा यूंपाशी या वेळी अडखळायचं नाही. एनएस तुकड्यात सहा एंच्या पुढे सी-ए-सी-सी-सी-यू-यू-जी-यू-यू-यू-सी-यू-ए-सी-यू अशी प्रत पूर्ण होते. मोजा, सोळा अक्षरं. एमआरएनएमध्ये राहून गेलेली हीच ती.

दोन्ही प्रती एकाखाली एक ठेवून बघा. मधला मजकूर तंतोतंत तोच. फरक फक्त टोकांचा: एकीकडे टोपी, उसनी अक्षरं आणि शेपूट; दुसरीकडे उघडं तिहेरी फॉस्फेट आणि पूर्ण शेवट. या प्रतीचं ५ प्राइम टोक बाहेर पडतं न पडतं तोच एक नवं पॉलिमरेज त्याला पकडतं आणि मागोमाग एनपी बसत जातात. एमआरएनएच्या वाट्याला हे येत नाही, कारण त्याच्या सुरुवातीला ओळखीचं टोकच नसतं. त्याला पेशीची टोपी ओळखणारी प्रथिनं घेऊन जातात.

नवं पॉलिमरेज नेमकं तिथेच हजर कसं असतं? पेशीतलं एएनपी३२ए हे प्रथिन दोन पॉलिमरेजांना जोडून ठेवतं: एक प्रत काढणारं, दुसरं निघणारी प्रत हातात घेणारं. २०२० मध्ये इन्फ्लुएन्झा सीच्या पॉलिमरेजवर ही जोडी प्रत्यक्ष दिसली. दोघांची ठेवण वेगवेगळी, आणि मधे एएनपी३२ए. या प्रथिनाची आम्लधर्मी शेपटी एनपींनाही तिथे खेचून आणते.

पक्ष्यांकडून माणसात येणाऱ्या फ्लूचा एक मोठा अडसर याच जागी आहे. पक्ष्यांच्या एएनपी३२ए मध्ये ३३ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो, आपल्यात नसतो. पक्ष्यांच्या विषाणूचं पॉलिमरेज त्या जादा तुकड्याला सरावलेलं असतं, म्हणून माणसाच्या पेशीत ते रखडतं. पीबी२ मधल्या ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी लायसिन आलं की अडसर बराच दूर होतो. एकच अमिनो आम्ल! बर्ड फ्लूच्या बातम्यांत "६२७के" (के म्हणजे लायसिन) असं वाचलंत तर तो संदर्भ हा. १९१८ च्या विषाणूत तिथे लायसिन होतं. २००९ च्या महासाथीच्या विषाणूत नव्हतं. त्याने ५९० आणि ५९१ या जागांवरच्या बदलांनी काम भागवलं.

दुसरा भाग: सीआरएनएवरून पुन्हा जीनोम

संपूर्ण चक्रातला हा माझा सर्वांत आवडता तपशील. तुमच्या सीआरएनएचं उजवं टोक बाहेरून आत वाचा: यू-सी-ए-यू-सी-यू-यू-यू-जी. यू-सी ही जोडी दोनदा आलेली दिसते, १ आणि २ वर, आणि पुन्हा ४ आणि ५ वर.

पॉलिमरेज इथे टोकावरून सुरुवात करत नाही. ते ४ आणि ५ समोर ए-जी जोडतं आणि मग ती दोन अक्षरांची जोडी उचलून टोकाच्या १ आणि २ समोर नेऊन बसवतं. तिथून पुढे लिहीत जातं: ए-जी-यू-ए-जी-ए-ए-ए-सी... म्हणजे मूळ जीनोमचं ५ प्राइम टोक. कागदावर पेन्सिलीने ए-जी आधी आतल्या जागी लिहा, खोडा आणि बाहेर सरकवून लिहा. दोन्ही दिशांच्या सुरुवाती वेगळ्या का, ते हाताने केल्यावर डोक्यात पक्कं बसतं. आता व्हीआरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या मूळ ऋण धाग्याच्या, डाव्या टोकाकडे परत बघा, यू-सी-जी-यू-यू: तिथे चार-पाचवर ही जोडी नाही. म्हणून तिकडे सुरुवात टोकावरूनच होते.

एका सीआरएनएवरून पुष्कळ व्हीआरएनए निघतात. काहींवरून पुन्हा एमआरएनए काढले जातात, उरलेले एम१ आणि एनईपीच्या मदतीने, पेशीच्या सीआरएम१ या निर्यात-प्रथिनामार्फत केंद्रकाबाहेर पडतात आणि पेशीपटलाकडे निघतात. तिथे आठ वेगवेगळे तुकडे एकत्र येऊन नवा विषाणू बांधला जातो.

चुका, तुटके तुकडे आणि अदलाबदल

या पॉलिमरेजकडे लिहिलेलं तपासून दुरुस्त करण्याची सोय नाही. एक अख्खा जीनोम उतरवताना साधारण एखाद-दोन चुका राहतात. बहुतेक निरुपयोगी, काही घातक, आणि क्वचित एखादी विषाणूला आपल्या प्रतिपिंडांपासून निसटू देणारी. लशीतले वाण वारंवार बदलावे लागतात त्याचं मूळ इथे आहे.

कधी पॉलिमरेज साचा मधेच सोडून पुढे भलतीकडे उतरतं. मग दोन्ही टोकं शाबूत पण पोट गायब असा आखूड तुकडा तयार होतो. डेन्मार्कच्या प्रेबेन फॉन माग्नुस यांनी सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी या सदोष विषाणूंचं वर्णन केलं. असे तुकडे बहुधा लांब तुकड्यांपासून, म्हणजे पॉलिमरेजच्याच जनुकांपासून, बनतात. टोकं शाबूत असल्याने पॉलिमरेजच्या दृष्टीने त्यांच्यात काही उणं नसतं. आखूड असल्याने ते भराभर वाढतात आणि पूर्ण लांबीच्या तुकड्यांच्या वाट्याचं यंत्र खाऊन टाकतात. तिहेरी फॉस्फेट असलेलं, जोडी लागलेलं टोक आपल्या पेशीतल्या रिग-आय या पहारेकरी प्रथिनाला नेमकं ओळखता येतं, हेही इथे जोडून घ्या.

एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू विषाणू शिरले तर सगळ्यांची टोकं सारखीच असल्याने कोणाचंही पॉलिमरेज कोणाचाही तुकडा उतरवू शकतं. आठ तुकड्यांच्या २५६ जुळण्या कागदावर शक्य आहेत. १९५७ आणि १९६८ च्या महासाथींत पक्ष्यांच्या विषाणूंकडून काट्यांची जनुकं आली हे सर्वांना माहीत असतं. दोन्ही वेळा त्यांच्यासोबत पीबी१ सुद्धा आलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

प्रयोगशाळेत तिघांना वेगळं कसं मोजाल

संसर्ग झालेल्या पेशीत व्हीआरएनए, सीआरएनए आणि एमआरएनए एकत्र असतात. नेहमीचा आरटी-पीसीआर (आरएनएवरून डीएनए काढून त्याच्या भरपूर प्रती बनवत मोजण्याची पद्धत) केला तर तिघंही एकाच आकड्यात मिसळतात. कागदावरचा नकाशा इथे थेट उपयोगी पडतो.

उलट-प्रतिलेखनाचे, म्हणजे आरएनएवरून डीएनए काढण्याचे, प्रायमर (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) टोकांवरून ठरवा. एमआरएनएसाठी शेपटीला चिकटणारा ओळीने टींचा प्रायमर. सीआरएनएसाठी फक्त त्याच्याकडे असलेल्या शेवटच्या सोळा अक्षरांवर बसणारा. तो आत वाढवून टींच्या ओळीपर्यंत नेऊ नका, नाहीतर तो एमआरएनएच्या शेपटीवरही बसेल आणि सगळं मोजमाप वाया जाईल. व्हीआरएनएसाठी धन दिशेचा प्रायमर, तो तुकड्यावर कुठेही चालतो. प्रत्येक प्रायमरच्या ५ प्राइम बाजूला विषाणूत नसलेली एक वेगळी खूण-ओळ जोडा आणि पीसीआर त्या खुणेवरून करा. असं न केल्यास आरएनए स्वतःवरच दुमडून किंवा भलत्या तुकड्यावर बसून जी प्रत काढतो तीही मोजली जाते. तीन आरएनए हाताने बनवून, एक सोडून दुसऱ्यावर आपला प्रायमर किती चुकीचा संकेत देतो, हे आधी तपासा. ही तपासणी टाळलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

खरा विषाणू हाताळायचा नसेल तर मिनीजीनोम वापरतात. पेशीत पीबी१, पीबी२, पीए आणि एनपी यांची जनुकं नेणारी चार प्लाझ्मिडं (डीएनएची छोटी वर्तुळं), आणि पाचवं असं की ज्यातून दोन्ही टोकं विषाणूची पण मधे ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचा मजकूर असलेला ऋण आरएनए निघतो. पेशी चमकली म्हणजे पॉलिमरेज चाललं. पण ही चमक प्रतिलेखन आणि प्रतिकृती दोन्हींचा मिळून परिणाम असते. कोणतं बिघडलं हे कळण्यासाठी तिन्ही आरएनए वेगळे मोजावेच लागतात.

आता स्वतःला तपासा

कागदावरच्या नकाशावर एकेक अडथळा ठेवा आणि तिन्ही आरएनएंचं काय होईल ते आधी लिहून काढा, मगच पुढे वाचा.

लेप्टोमायसिन बी हे रसायन सीआरएम१ ला अडवतं. तिन्ही आरएनए बनतील, पण आरएनपी केंद्रकातच अडकून पडतील. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध? नकाशावर त्याला जागाच नाही. ते न्युरामिनिडेज या काट्यावर, विषाणू पेशीतून सुटण्याच्या टप्प्यावर काम करतं. फॅव्हिपिरॅविर हे औषध, ज्याला जपानने २०१४ मध्ये मर्यादित वापरासाठी मान्यता दिली, पेशीत गेल्यावर ए किंवा जीचं सोंग घेतं आणि पीबी१ ते आरएनएमध्ये जोडून बसतं. प्रती निघतात, पण चुकांनी भरलेल्या.

बॅलोक्झाविर हे फ्लूचं औषध पीएच्या कात्रीवर बसतं. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. टोपी कापता आली नाही की एमआरएनए थांबतो, हे सरळ आहे. सीआरएनए आणि व्हीआरएनएचं काय? त्यांच्यासाठी कात्री लागतच नाही. तरीही संसर्ग झालेल्या पेशीत तेही घटतात, कारण नवी प्रथिनं नाहीत म्हणजे निघालेला धागा गुंडाळायला पॉलिमरेज आणि एनपी नाहीत. आता तोच विचार मिनीजीनोमवर करा, जिथे प्रथिनं प्लाझ्मिडांकडून मिळतात. पीएमधलं १०८ वं अमिनो आम्ल बदलून कात्री बोथट केली तर एमआरएनए नाहीसा होतो आणि सीआरएनए-व्हीआरएनएचं चक्र चालू राहतं. हा निकाल तुम्ही आधीच लिहिला असेल, तर नकाशा तुमच्या हातात आला आहे. आता पीएच्या ३८ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन आणून बॅलोक्झाविरला न जुमानणारं वाण घ्या आणि तिन्ही ओळी पुन्हा एकदा लिहून काढा.